कॅमेरा आत गेला, पण कोणत्या अटींवर?

संपादकांनी संकलनावर लेख मागितला, तेव्हा मी मेळघाटातल्या सेमाडोहला माहितीपटाचं शिबिर घेत होतो. रात्री मुलांना ‘हॉलिवूडगेट’ दाखवला. तो संपल्यावर परतवाड्याच्या एका मुलाने विचारलं, “सर, त्याले आत येऊ कसं देलं त्या लोकायनं?” तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

‘हॉलिवूडगेट’चा दिग्दर्शक इब्राहिम नशात हा इजिप्तचा पत्रकार. राष्ट्रप्रमुखांच्या मुलाखती चित्रित करण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी फौज काबूलमधून गेली आणि थोड्याच दिवसांत तो तिथे पोहोचला. तालिबानच्या हवाई दलाचा प्रमुख मौलवी मन्सूर आणि मुख्तार नावाचा एक लेफ्टनंट यांच्यामागे तो सुमारे वर्षभर कॅमेरा घेऊन फिरला. सामान्य अफगाणांकडे कॅमेरा वळवायचा नाही, ही अट होती. तालिबानने त्याला आत घेतलं ते का? नव्या सत्तेला आपला रुबाब जगाला दाखवायचा होता, म्हणून.

लोक अशा चित्रपटाची ‘काय धाडस!’ म्हणून तारीफ करतात, नाहीतर ‘तालिबानची जाहिरात केली’ म्हणून झोडतात. दोन्ही ऐकून मी थकलो आहे. धाडस होतंच, पण कारागिरी बघायला कोणी थांबत नाही. नुसतं पाहत राहण्याच्या या पद्धतीत प्रश्न विचारायचे नाहीत, वेगळे दिवे लावायचे नाहीत, आणि समोरच्याचं बोलून झालं तरी कॅमेरा चालू ठेवायचा. माणूस उलगडतो तो त्या उरलेल्या सेकंदांत, आणि संकलकाने ते कापले की चित्रपट मेला. शिवाय नशातला तिथली भाषा येत नव्हती. त्याच्यादेखत लोक त्याच्याबद्दल काय बोलत होते, ते भाषांतरातून कळायचं. म्हणजे अशा चित्रपटाचा निम्मा अर्थ संकलनाच्या टेबलावरच हाती लागतो.

अमेरिकनांनी सोडलेल्या व्यायामशाळेत मन्सूरला ट्रेडमिल दिसते आणि ती त्याला घरी हवी असते. दुसरीकडे तो सहज सांगतो, बायको डॉक्टर होती, लग्नानंतर तिने काम सोडलं. बाई पडद्यावर नाही. त्या प्रसंगावर निवेदन नाही, टीका नाही. तो ज्या सहजतेने बोलतो, तिच्यातच सगळं आलं. जाहिरात म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा बघावा.

आत शिरण्याचा असाच प्रश्न महाराष्ट्रातही आला होता. दिग्दर्शिका निशा पाहुजा यांनी ‘द वर्ल्ड बिफोर हर’ (२०१२) या माहितीपटासाठी औरंगाबादेत विश्व हिंदू परिषदेच्या दुर्गा वाहिनीच्या शिबिरात चित्रण केलं. दुर्गा वाहिनी ही राजवट नव्हे, आणि तिथे काबूलसारखा जिवाचा धोकाही नव्हता. पण ज्यांचा विचार आपल्याला पटत नाही, त्यांच्यात बसून त्यांना माणूस म्हणून पाहायचं, हे कसब तेच. त्या शिबिरातली प्राची ही तरुणी चित्रपटात एकाच वेळी कठोर दिसते आणि करुणही.

माझा वाद अटींबद्दल आहे. मेळघाटच्या जंगलात शूटिंगला परवानगी काढली तर वाट ठरलेली, गाईड सोबत, गाडीतून उतरायचं नाही. ती बंधनं जनावराच्या भल्यासाठी असतात. सत्ताधारी अटी घालतात तेव्हा त्या स्वतःच्या भल्यासाठी असतात, म्हणून त्या प्रेक्षकाला सांगायलाच हव्यात. नशात स्वतःच्या आवाजात सांगतो की तालिबानला जे दाखवायचं होतं ते एक, आणि मी पाहिलं ते दुसरं. काही समीक्षकांना हे निवेदन ढोबळ वाटतं. मला ते चित्रपटाचा कणा वाटतं. त्याशिवाय बगराम हवाई तळावरची लष्करी परेड, तिथे जमलेले परदेशी पाहुणे आणि दुरुस्त करून उडवलेली अमेरिकी विमानं ही निव्वळ सरकारी फिल्म झाली असती.

शिबिरातल्या मुलांना मी एक नियम घातला आहे. कोणाच्याही परवानगीने आत गेलात तर अटींची पाटी चित्रपटाच्या सुरुवातीलाच टाका. शेवटच्या श्रेयनामावलीत ती कोणी वाचत नाही.