तुझी जागा तुझीच

कबड्डी हा दमाचा खेळ. पण २०२० साली विषाणूने त्या दमाचेच भय घातले. २०२१च्या आरंभी आमच्या लोहारद्याच्या मैदानावर पुन्हा चढाया सुरू झाल्या. एका मुलाने संघातील जागा जाईल या धास्तीने ताप लपविला आणि पुढे साऱ्या संघालाच घरी बसावे लागले. त्याला दोष देणारांत मीही होतो. त्याच वर्षी ४ मे रोजी वैद्य, चाचण्या, कडक विलगीकरण असूनही आयपीएल स्थगित झाली. आमच्या लहानशा मंडळाजवळ तर खेळाडूच्या खरेपणावाचून दुसरे साधन नव्हते. तो खरेपणा निर्भय ठेवणे हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम. ‘बरा होऊन ये, तुझी जागा तुझीच,’ एवढे आम्ही आधीच म्हणायला हवे होते.