द्मानिसीच्या पेवाखालचा म्हातारा

पायाखाली काळा पाषाण दिसला आणि मी जागीच थबकलो. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीचा मी माणूस. आमची बारव या दगडाची, जुन्या घरांची जोती या दगडाची. आणि इथे, कॉकेशसच्या डोंगरांत, जॉर्जिया देशातल्या द्मानिसीच्या कड्यालाही तोच लाव्ह्याचा थर! फरक वयाचा. आपल्या दख्खनचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, हा जेमतेम १८ लाखांचा. तो थंडावला, त्यावर ज्वालामुखीची राख साचली, आणि तेवढ्यात इथे माणसं येऊन राहिलीदेखील.

भाची तिथल्या राजधानीत, तबिलिसीत, डॉक्टरकी शिकते. परभणी-नांदेडची बरीच पोरं हल्ली तिकडे आहेत. तिला भेटायला गेलो तर म्हणाली, "मामा, चर्च तर सगळेच बघतात. तुम्हाला हाडं दाखवते." राजधानीतून नैर्ऋत्येला गाडीने निघालो. माशावेरा आणि पिनेझाउरी या दोन नद्यांच्या बेचक्यात एक उंच टेकाड, त्यावर मध्ययुगातल्या व्यापारी शहराचे अवशेष, आणि सहाव्या शतकातलं सिओनी चर्च अजून उभं.

त्या शहरातले लोक धान्य साठवायला जमिनीत गोल, खोल खड्डे करायचे. आपल्याकडची पेवंच! १९८३ साली संशोधक ती पेवं साफ करत होते. त्यात एका जनावराची हाडं लागली. अबेसालोम वेकुआ या जीवाश्मतज्ज्ञांनी दात ओळखला: गेंड्याचा, आणि तोही लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जातीच्या गेंड्याचा. जॉर्जियात गेंडा! मग खणणं थांबतंय कशाला? पुढच्याच वर्षी दगडाची हत्यारं मिळाली, १९९१ मध्ये माणसाचा जबडा, आणि २००५ पर्यंत पाच कवट्या. पेवात उतरून धान्य उपसणाऱ्या कितीतरी पिढ्यांच्या कोपराशी ही हाडं होती. मी त्या पेवाच्या काठावर बराच वेळ उभा होतो. डोकं सुन्न होतं म्हणतात, ते असं.

खोदाईच्या जागेवर आता मोठं छप्पर आहे. खाली खड्ड्यात चौकटी आखलेल्या, मातीचे थर स्पष्ट दिसतात. तळाला काळा पाषाण, वर राख. या मातीत माणसांच्या हाडांबरोबर कट्यारीसारख्या सुळ्यांच्या मांजरकुळातल्या श्वापदांची, थोराड तरसांची, शहामृगांचीही हाडं निघाली. आणि माणसं कशी? उंची सुमारे पाच फूट, कुणाची त्याहून कमी. मेंदू तर आपल्या निम्म्याच्या आसपास; पाचव्या कवटीचा अवघा ५४६ घन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या निम्म्याहूनही कमी. हातात ओबडधोबड फोडलेले गोटे. विस्तवाचा पुरावा नाही. मोठा मेंदू आणि घडीव हत्यारं आल्यावरच माणूस आफ्रिकेबाहेर पडला, असं पूर्वी मानत. या खड्ड्याने ते मत मोडून काढलं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. पाचही कवट्या एकमेकींपासून इतक्या वेगळ्या, की वेगवेगळ्या देशांत मिळाल्या असत्या तर त्यांना वेगवेगळ्या जातींची नावं पडली असती. डेव्हिड लॉर्डकिपानिद्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये म्हटलं की ही एकाच जातीची माणसं; आपल्यात जसा उंच-बुटका, थोराड-नाजूक असा फरक असतो, तसाच त्यांच्यात. सगळ्या तज्ज्ञांना हे पटलेलं नाही. मला मात्र पटतं. आमच्या गावच्या बाजारात तासभर उभं राहिलं तरी माणसांच्या कवट्या किती तऱ्हांच्या असतात ते कळतं.

पण मी हललो तो चौथ्या कवटीने. कवटी २००२ मध्ये मिळाली, तिचा जबडा पुढच्या वर्षी. भाची म्हणाली, "मामा, दातांचे खळगे कुठं दिसतात का बघा." दिसत नव्हते. जबड्याची कड झिजून गुळगुळीत. "मेल्यावर दात पडला तर खळगा तसाच राहतो. जिवंतपणी पडला तर हाड भरून येतं, आणि मग जबडाच बारीक होत जातो. त्याला वेळ लागतो. म्हणजे हा दात गेल्यावरही चांगला जगलाय." मरताना त्याच्या तोंडात एकच सुळा उरला होता.

माझ्या आजीचं तोंड असंच बोळकं होतं. भाकरी दुधात कुस्करून दिली की ती जेवायची. या माणसाकडे दूध नाही, भाकरी नाही, चूलसुद्धा नाही. कंदमुळं चावायची कशी? मांस फाडायचं कसं? कुणीतरी त्याच्यासाठी दगडाने हाड फोडून मगज काढून दिला असेल, कुणीतरी मांस ठेचून दिलं असेल. काही अभ्यासक बजावतात की दात नसलेली माकडंही कधी कधी तग धरतात, तेव्हा एका जबड्यावरून माया सिद्ध होत नाही. त्यांचं बरोबर आहे. तरी तरसांच्या त्या रानात दात नसलेला म्हातारा एकट्याच्या बळावर वर्षं काढतो, हे मला खरं वाटत नाही.

दातांवरून माणसाचं जगणं वाचायचा विषय निघाला, तेव्हा भाचीला मग मी इनामगावचं सांगितलं. परदेशात शिकणाऱ्या पोरीला पुणे जिल्ह्यातली ही गोष्ट ठाऊक नव्हती. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजने हे गाव उकरलं; सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले शेतकरी तिथे राहत. सातूचं पीक घेत, पाटाने पाणी आणत. लेकरू गेलं तर दोन रांजणांची तोंडं एकमेकांना जोडून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच, उत्तर-दक्षिण, पुरत. स्मशान वेगळं नाही. वर आईचं सारवणं-रांधणं चाललेलं, खाली लेकरू. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालून पाऊल कापत, बहुधा त्याने उठून जाऊ नये म्हणून. एकजण मात्र पावलांसकट मिळाला: पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला. तो गावचा प्रमुख असावा.

सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी तिथल्या दातांचा बारकाईने अभ्यास केला. तान्ह्या पोरांच्या दुधाच्या सुळ्यांवर त्यांना लहान खड्डे दिसले. हाड आयुष्यभर बदलत राहतं; दाताचं वरचं कवच एकदा बनलं की बनलं. ते बनत असताना लेकराची उपासमार झाली किंवा दुखणं आलं, तर तिथे खूण राहते ती कायमची. हा सुळा जन्माच्या आसपासच्या महिन्यांत तयार होतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळंतिणीच्या घरची ओढगस्त त्या इवल्या दातावर लिहिलेली आहे. पुढे इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला पाऊस कमी झाला. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकार वाढली. उत्तरकाळातल्या माणसांच्या दातांत कीडही कमी दिसते, कारण खाण्यात पिठूळ धान्य कमी झालं. ७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. राजांच्या शिलालेखांत दान सापडतं, विजय सापडतो. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे असल्या दातांवरूनच कळतं.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "मामा, द्मानिसीएवढं जुनं आपल्या गोदावरीत काही नाही का?" मी आठवत गेलो. पैठणजवळच्या मुंगीला १८६५ मध्येच विन नावाच्या भूशास्त्रज्ञाला, जनावरांची हाडं देणाऱ्या गोट्यांच्या थरात, अकीकाचा छिलका मिळाला होता, माणसाने फोडलेला. नांदूर मधमेश्वरला हत्तीची जीवाश्म झालेली कवटी मिळाली. मात्र ते हत्यार धरणारा हात, तो जबडा, गोदावरीने अजून दिलेला नाही. भारतातली सगळ्यात जुनी मानवी कवटी मिळाली ती नर्मदेकाठी, हाथनोऱ्याला, १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना. इकडे आमच्याकडे वाळूचा उपसा रात्रंदिवस चालतो. वाळूखालचा तो जुना गोट्यांचा थर यंत्र लागण्याआधी कुणी जाणकाराने तपासावा, असं मला फार वाटतं.

"परभणी जिल्ह्यात नदी कुठून कुठून जाते?" तिने विचारलं. मी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी नावं सांगत गेलो, आणि ती फोनवर नकाशा मोठा करून एकेक वळण बघत राहिली.