खापरपणजीचा रकाना

पुण्याच्या लष्कर भागात राहणाऱ्याला इंग्लंड-ऑस्ट्रेलियातून अनोळखी माणसाचं पत्र यावं, यात एके काळी काही नवल नव्हतं. निळसर एअरोग्राम, आत दाटीवाटीनं लिहिलेला मजकूर: माझे पणजोबा पूना इथे जन्मले असं घरात सांगत, बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला ते कळेल का? अशी चौकशी करून देणारा म्हणून ऐंशीच्या दशकात माझं नाव कुणीतरी कुणाला सांगितलं आणि पत्रं येत राहिली. सोबत बहुधा आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन असे. ते जीपीओत दिलं की परदेशी टपालाची तिकिटं मिळत. परक्या माणसाला आपल्यापायी तोशीस नको, ही लिहिणाऱ्याची भीड त्या कूपनातून कळायची.

मला ते काम मनापासून आवडे. सेंट मेरीज चर्च 1825 सालचं, बिशप हेबरच्या हस्ते अर्पण झालेलं. असल्या जुन्या चर्चच्या कपाटांतली रजिस्टरं काढायची म्हणजे आधी परवानगी, मग पाद्रीसाहेबांच्या सवडीची वाट. कातडी बांधणी, कसरीनं पोखरलेल्या कडा, शाई तपकिरी झालेली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि बापाचा हुद्दा. गोऱ्या शिपायाचं पोर असेल तर तिथेच पलटणीचा नंबर. माझी बोटं आधी त्या नंबराकडे जात.

कारण सगळी किल्ली त्या नंबरात होती. लंडनजवळ क्यू इथल्या सरकारी दप्तरखान्यात शिपायांचे डिस्चार्जचे कागद एका मोठ्या काळापुरते पलटणीवार लावलेले होते. नुसत्या आडनावावर तिथे गेलेल्याचे हात टेकायचे. पलटण कळली की मात्र कागद सापडण्याची आशा, आणि सापडला की त्यात आयर्लंड-स्कॉटलंडातला जन्माचा पॅरिश, भरतीआधीचा धंदा, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग. ज्याचा फोटो कधी निघालाच नाही, त्याचे डोळे करडे होते हे पणतवंडाला दीडशे वर्षांनी समजे. पण जो नोकरीत असतानाच इथे पटकीनं गेला, त्याला डिस्चार्ज कुठला? मग पगारपत्रकं आणि हजेरीपटांत शोध घ्यायचा. त्याची विधवा बरेचदा काही आठवड्यांतच त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी लग्न करी. पलटणीचा शिधा बंद झाला तर पोरांना घेऊन ती जाणार कुठे? इथे आडनाव बदले आणि धागा तुटे. एका वृद्ध बाईंना मी त्यांच्या पूर्वज स्त्रीची तीन लग्नं एकाच रजिस्टरात दाखवली, तेव्हा त्या कितीतरी वेळ पान उलटू देईनात.

इथलं पान कसरीनं खाल्लं तरी सगळं संपलं असं नसे. चॅप्लेननी दर वर्षी नोंदींची नक्कल वर पाठवायची, ती इलाख्याच्या राजधानीतून लंडनला जायची, असा कंपनी सरकारचा शिरस्ता. मद्रासच्या नकला 1698 पासूनच्या, मुंबईच्या 1709 पासूनच्या, बंगालच्या 1713 पासूनच्या. ब्लॅकफ्रायर्स रोडवरच्या ऑर्बिट हाउसमध्ये, आणि 1998 नंतर सेंट पँक्रसच्या ब्रिटिश लायब्ररीत, लोक त्या वाचायला येत. ज्यांना लंडन परवडत नसे त्यांच्यासाठी युटाच्या वंशावळ-संस्थेनं त्यांची मायक्रोफिल्म केली होती. रीळ मागवायचं, आठवडेच्या आठवडे थांबायचं, मग अंधाऱ्या खोलीत दांडा फिरवत पुण्याची, खडकीची, देवळालीची पानं ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या उपनगरात बसून वाचायची. इंग्लंडातल्या जन्ममृत्यूसाठी लंडनच्या सेंट कॅथरीन्स हाउसमध्ये तिमाही सूचींचे अवजड ग्रंथ होते. जन्माचे लाल, लग्नाचे हिरवे, मृत्यूचे काळे. ते खाली ओढून खांदे भरून येतात, असं पत्रांतून वाचलेलं आठवतं. आयर्लंडवाल्यांचं दुःख आणखी वेगळं. 1922 च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि शतकांचे कागद गेले. त्यामुळे एखाद्या आयरिश कुटुंबाला आपलं मूळ गाव पुण्यातल्या नोंदीवरून कळावं, असंही घडे.

2014 साली लंडनच्या त्या नकला फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर आल्या. 1998 पासून फिबिस या संस्थेचे स्वयंसेवक भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांच्या नोंदींची सूची करताहेत, ती फुकट पाहता येते. युटाची रिळं पाठवणं 2017 मध्ये बंद झालं, कारण पानं पडद्यावर येऊ लागली. ज्या नोंदीसाठी आम्ही पावसाळा घालवत असू ती आता चहा निवायच्या आत मिळते, आणि मला याचा निखळ आनंद आहे. कितीतरी म्हातारी माणसं उत्तराची वाट पाहता पाहता गेली.

वेग वाढला हे तर झालंच. मला त्याहून मोठा वाटतो तो शोधणाऱ्यांच्या प्रश्नात झालेला बदल. जुन्या पत्रांत विचारणा गोऱ्या पुरुषाचीच असे. त्याला कारणंही होती. 1947 नंतर अँग्लो-इंडियन घरं बाहेर पडू लागली, तेव्हा ब्रिटिश नागरिकत्वासाठी बापाकडचा पूर्वज ब्रिटनमधला असल्याचं दाखवावं लागे. ऑस्ट्रेलियात तर श्वेतवर्णीयांचं धोरण होतं, युरोपीय रक्ताचा पुरावा हवा असे. सावळी पणजी फोटोत दिसलीच तर ती पोर्तुगीज होती, स्पॅनिश होती, असं घरात सांगून ठेवलेलं. तिच्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या तर पुढच्या पत्रात त्या ओळींना उत्तर नसे.

आता ईमेल येतात ते डीएनए तपासणीचा निकाल हातात घेऊन. माझ्यात भारतीय अंश निघालाय, ती कोण होती? तिचं गाव कुठलं? विचारणाऱ्याच्या स्वरात ओढ असते. आणि नेमकं तिथेच रजिस्टर गप्प बसतं. बापाचं नाव, हुद्दा, पलटण ठसठशीत. आईच्या जागी 'एतद्देशीय स्त्री' एवढंच. किंवा बाप्तिस्म्यात मिळालेलं मारिया हे नाव, ना बाप, ना गाव. दुर्बा घोष यांनी 2006 सालच्या आपल्या पुस्तकात अशा बिननावाच्या बायकांचाच माग काढला आहे. हे अज्ञान नव्हतं. लिहिणाऱ्याला ती समोर दिसत होती, तिचं मूल त्याच्या हातात होतं, तरी तिचं नाव विचारावंसं त्याला वाटलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

आपल्याकडेही फार वेगळं नाही. छापील कुलवृत्तांत उघडा, जुन्या पिढ्यांत पुरुषांची नावं पायरीपायरीनं उतरत येतात. बायका नाहीतच, किंवा आहेत त्या सासरच्या बदललेल्या नावानं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही युटाच्या संस्थेनं मायक्रोफिल्म केली, पण न लिहिलेलं नाव कुठल्या फिल्मवर उतरणार?

तरी वाटा आहेत. कंपनीच्या अधिकाऱ्यांची मृत्युपत्रं लंडनच्या त्याच संग्रहात आहेत, आणि घर किंवा पैसे ठेवायचे म्हटल्यावर बाईचं खरं नाव लिहावंच लागे. कॅथलिक नोंदींत मुलाच्या धर्म-मातापित्यांची नावं असतात, ती बरेचदा आईच्या नात्यातली. त्या सगळ्या काही लंडनला गेल्या नाहीत, लंडनच्या संग्रहात कॅथलिक नकला अपुऱ्याच आहेत. नाना पेठेतलं सिटी चर्च सवाई माधवरावांच्या काळात, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिलेल्या जागेवर 1792 मध्ये उभं राहिलं. अशा पॅरिशांचं दप्तर पाहायचं तर आजही तिथल्या फादरना पत्रच लिहावं लागतं आणि त्यांना सवड होईपर्यंत थांबावं लागतं. ईमेल करणाऱ्यांना मी हेच कळवतो: पत्रात अंदाजे वर्ष लिहा, बापाचं नाव लिहा, ठाऊक असेल तर पलटण लिहा, पण आईबद्दल काय लिहिलंय, ते पहिल्या ओळीत विचारा.