रात्री स्लो होणारी फास्ट गाडी

फास्ट आणि स्लो हा भेद मुंबईकराच्या अंगवळणी पडलेला असतो. त्यामुळे न्यूयॉर्कची भूमिगत रेल्वे, म्हणजे सबवे, त्याला फारशी परकी वाटत नाही. तिथे फास्टला एक्सप्रेस म्हणतात, स्लोला लोकल. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी पहिला मार्ग सुरू झाला, तेव्हाच त्याच्या बऱ्याच भागात चार रूळमार्ग होते: कडेचे दोन लोकलचे, मधले दोन एक्सप्रेसचे.

केनेडी विमानतळावर उतरलेला भारतीय पाहुणा बहुधा ‘ई’ गाडीने शहरात शिरतो. क्वीन्स भागातून मॅनहॅटनला जाणारी ही एक्सप्रेस सकाळी खच्चून भरते. फॉरेस्ट हिल्स सोडले की मधली पाच स्थानके गाळून ती थेट रूझवेल्ट अव्हेन्यूला थांबते. जिना चढून वर आले की जॅक्सन हाइट्सचा ७४ वा रस्ता. साड्या, सोन्याचे दागिने, मसाले, कढीपत्ता, सगळे हाताशी! पुढे क्वीन्स प्लाझापर्यंत आणखी पाच स्थानके गळतात. गंमत म्हणजे या टप्प्यात एक्सप्रेस लोकलच्या शेजारून धावतच नाही. लोकल वळसा घालून स्टाइनवे रस्त्याखालून जाते आणि एक्सप्रेस दुसऱ्या रस्त्याखालून सरळ निघते.

रूझवेल्ट अव्हेन्यूला एकाच फलाटाच्या एका अंगाला लोकल, दुसऱ्या अंगाला एक्सप्रेस लागते. दोन्ही एकदम आल्या की चार पावले टाकून गाडी बदलता येते. समोरच्या गाडीची दारे नाकासमोर मिटली, तर मात्र चरफडत उभे राहायचे.

हे झाले दिवसाचे. रात्री उशिरा ‘एम’ आणि ‘आर’ या लोकल या मार्गावर येतच नाहीत. मग त्यांचे काम ‘ई’ला करावे लागते आणि ती प्रत्येक स्थानकावर थांबते. हॉटेलात भांडी घासून, इस्पितळात पाळी संपवून परतणाऱ्या थकल्या माणसाच्या वाट्याला नेमकी हीच संथ गाडी येते. पण त्याचे घर जर एखाद्या छोट्या स्थानकाजवळ असेल, तर हीच गाडी त्याला दारापर्यंत पोचवते.

ही रेल्वे रात्रीही बंद होत नाही. कोरोनाच्या काळात ६ मे २०२० पासून ती मध्यरात्रीनंतर काही तास बंद ठेवत होते. १७ मे २०२१ ला पुन्हा चोवीस तास सुरू झाली. मुंबईच्या लोकलला रात्री थोडी तरी विश्रांती मिळते, शिवाय रविवारचा मेगाब्लॉक असतोच. न्यूयॉर्कला रूळ, सिग्नल दुरुस्त करायचे ते गाड्या चालू ठेवूनच. चार मार्ग असल्याने दोन बंद ठेवून उरलेल्या दोनांवर काम भागवतात. म्हणून शनिवार-रविवारी एक्सप्रेसची लोकल होते, नाहीतर लोकल छोटी स्थानके गाळत सुटते. अशा वेळी आपले स्थानक डोळ्यांदेखत मागे पडते; पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरून, पलीकडच्या गाडीने उलटे यावे लागते. कधी मधला टप्पाच बंद असतो, तेव्हा बस मिळते, फुकट. पण सामान आणि पोरेबाळे घेऊन ती पकडणाऱ्याला फुकटपणाचे काय कौतुक! खांबाखांबांवर सूचना चिकटवलेल्या असतात. नवखा माणूस त्या वाचत नाही, आणि जुना माणूस त्या वाचल्याशिवाय जिना उतरत नाही.

मोठ्या बदलाची झळ रूझवेल्ट बेटाला बसली. नदीतल्या या बेटावर तेव्हा सबवेची एकच गाडी जात असे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून मार्च २०२४ च्या अखेरीपर्यंत तिथल्या बोगद्यातले रूळ बदलायचे होते, म्हणून ‘एफ’ गाडी ‘ई’च्या वाटेने वळवली आणि बेटाला नुसती ये-जा करणारी छोटी फेरी उरली. त्याच काळात ‘एम’ गाडी क्वीन्सच्या या मार्गावरून काढून घेतली होती, तेव्हा बेटापासून दूर राहणाऱ्यांनाही आपली रोजची वाट बदलावी लागली. बेटावरच्या रहिवाशांना निदान नदीवरून जाणारा हवाई पाळणा होता.

मुंबईहून आलेल्या आईवडिलांना मुलगा-सून नकाशा हातात देतात. त्याबरोबर एवढेही सांगावे: गाडीवरचे अक्षर बघितले तरी फलाटावरची घोषणा संपेपर्यंत आत चढू नका.