थंडी चालेल, ओल नको!

नकाशावर नाव वाचून तुम्हाला गोरेगावची आरे कॉलनी आठवली, तर त्यात तुमचा काही दोष नाही. पण स्वीडनमधल्या या गावाच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर एक चिमुकलं वर्तुळ असतं आणि त्या वर्तुळामुळे आरेचं होतं 'ओरे'. हिवाळ्यात स्टॉकहोमहून रात्रीची ट्रेन पकडायची, बर्थवर मस्त ताणून द्यायची आणि सकाळी उतरायचं ते थेट डोंगराच्या पायथ्याशी. एका बाजूला गोठलेलं तळं, दुसऱ्या बाजूला ओरेस्कुतान. उंची १४२० मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई (१६४६ मीटर) त्याच्यापेक्षा उंच! पण ओरे आहे ६३ अंश अक्षांशावर, त्यामुळे तिथे बर्फ महिनोन् महिने हलत नाही. १९१० मध्ये इथे डोंगर चढणारी रेल्वे सुरू झाली आणि १९५४, २००७ आणि २०१९ अशा तीन वेळा स्कीइंगची जागतिक स्पर्धा झाली. थोडक्यात, स्कीइंगच्या जगातलं एकदम हॅपनिंग गाव.

उतार, केबल कार, हॉट चॉकलेट, गुलाबी संध्याकाळ हे सगळं आहेच. फोटोही सॉलिड येतात. पण मला सांगायचंय ते आमच्या हॉस्टेलच्या तळघरातल्या एका खोलीबद्दल, जिचा फोटो कुणीच काढत नाही.

दारावर पाटी होती, 'तोर्करुम'. म्हणजे सुकवायची खोली. आत शिरलात की आधी नाकाला कळतं. ओली लोकर, रबर आणि तीस-चाळीस अनोळखी पायांचा एकत्रित सुवास! भिंतीला लागून स्टीलच्या पाइपांच्या रांगा. प्रत्येक पाइपातून मंद, कोमट वारा येतो. बूट उलटे करून त्या पाइपांवर खोचायचे. वरच्या बाजूला बारीक नळ्या, त्या हातमोज्यांसाठी. मोजे असे उभे खोचलेले की वाटावं, भिंतीतून वीस-पंचवीस जण हात वर करून 'मी, मी' म्हणतायत. एका कोपऱ्यात कपड्यांचं उंच कपाट, आत पंखा आणि हीटर. बास. एवढंच. पण संध्याकाळी पाच वाजता अख्ख्या हॉस्टेलमध्ये सगळ्यात जास्त गर्दी इथेच. बारपेक्षाही!

माझी मावसबहीण स्टॉकहोमला आयटीत आहे. (पुण्याच्या दापोडी-चिंचवड पट्ट्यात स्वीडिश कंपन्या कित्येक दशकं आहेत, त्यामुळे तिकडे जाणारी मराठी माणसं काही नवलाची नाहीत. ताई मात्र गेली ती भावोजींच्या मागोमाग.) तिची सहा वर्षांची लेक तिथलीच वाढलेली आणि लेकीला सांभाळायला साताऱ्याहून मावशी आलेली. मावशीचा हा पहिलाच बर्फाचा हिवाळा. पोरं रोज, कुठल्याही हवेत, शाळेच्या अंगणात खेळायला सोडतात हे पाहून तिला आल्या आल्या धक्काच बसला होता. "अगं, आपल्याकडे जरा गार वारा सुटला की कानाला रुमाल बांधतो आपण, आणि ही माणसं पोरांना बर्फात लोळू देतात!" स्वीडनमध्ये याला ठरलेलं उत्तर आहे. वाईट हवामान असं काही नसतंच, असतात ते फक्त वाईट कपडे. ही म्हण तिथे शेंबडं पोरही सांगतं. पण त्या म्हणीतला अर्धा भाग कुणी बोलून दाखवत नाही. कपडे चांगले असून भागत नाही, ते रोज सकाळी कोरडे लागतात.

म्हणून तिथल्या बालवाड्यांमध्ये सुकवायची कपाटं असतात. सकाळच्या खेळात भिजलेले मोजे, टोप्या, बूट दुपारपर्यंत कोरडे, की पोरं पुन्हा बाहेर. फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर किंवा तळघरात सगळ्यांचं मिळून कपडे धुवायचं दालन असतं, त्याला जोडूनही अशी खोली किंवा कपाट. वेळ आधी बुक करावी लागते आणि दुसऱ्याच्या वेळेत घुसलात तर दारावर तिरकस चिठ्ठी लागते. आपल्या सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणांचा हा स्वीडिश अवतार.

तर ओरेची दुसरी रात्र. दिवसभर भाचीने बर्फात मनसोक्त धुडगूस घातलेला. हातमोजे बाहेरून बर्फाने आणि आतून घामाने चिंब. ताईने सांगितलं होतं, तळघरात लावून ये. पण मावशीला ती खोली काही पटली नव्हती. परक्या माणसांच्या बुटांशेजारी पोरीचे मोजे? छे! त्याच हाताने ती उद्या खाणार! मावशीने ते खोलीतच, बाथरूमच्या दांडीवर नीट वाळत घातले. सकाळी हात लावला तर वरून कोरडे. घातले.

खाली गावात मायनस १४ होतं. वर वारा होता. उघड्या लिफ्टवर बसून चार-पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात भाची रडायला लागली. आधी आम्हाला वाटलं, घाबरली. मग म्हणाली, बोटं दुखतायत. मग थोड्या वेळाने म्हणाली, आता नाही दुखत. ताईचा चेहरा त्या क्षणी जो उतरला तो मी विसरणार नाही. तिथे राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की दुखणं परवडलं, दुखायचं थांबणं नाही.

वर उतरल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी एक शब्द न बोलता मोजे काढले. दोन बोटांची टोकं पांढरी, मेणासारखी. त्यांनी स्वतःच्या जॅकेटची चेन उघडली आणि पोरीचे हात सरळ आपल्या काखेत घेतले. ताई चोळायला पुढे झाली तर मानेनेच 'नको' म्हणाल्या. चोळायचं नसतं, नुसती अंगाची ऊब द्यायची. पाच-दहा मिनिटांत रंग परतला, परत दुखायला लागलं, पोरगी परत जोरात रडली आणि आम्ही सगळे सुटकेने हसलो. बाईंनी खिशातून जास्तीचा लोकरी जोड काढला, पोरीला घातला. ओले मोजे उलटे करून दाखवले. वरचं कापड कोरडं होतं, पण आतलं अस्तर, बोटांच्या टोकाशी, अजून गारढोण ओलं.

गंमत इथेच आहे. बाहेरची हवा एवढी थंड की तिच्यात बाष्प जवळपास नसतंच. तीच हवा घरात घेऊन वीस डिग्रीपर्यंत तापवली की ती इतकी कोरडी होते की तुमचे ओठ फुटतात. मग मोजा का वाळत नाही? कारण ती कोरडी हवा मोज्याच्या आत शिरतच नाही. बुटाच्या चवड्यात आणि मोज्याच्या बोटांत हवा अडकून बसते, बाष्पाने भरते आणि तशीच राहते. वरचं कापड वाळतं, आतलं नाही. पाइपाचा सगळा फंडा हाच, की आत अडकलेली ओली हवा ढकलून बाहेर काढायची आणि तिच्या जागी कोरडी घालत राहायची. उष्णता थोडीच लागते. वाहती हवा जास्त महत्त्वाची.

उष्णता थोडीच असावी यालाही कारणं आहेत. आमच्या डॉर्ममध्ये बंगळुरूचा एक सॉफ्टवेअरवाला होता. त्याने आपले चामड्याचे तळवे असलेले झकास मोजे थेट खोलीतल्या इलेक्ट्रिक हीटरवर पसरले. हीटरवर ढळढळीत लिहिलेलं असतं, झाकू नका. (आग लागू शकते, म्हणून.) आग लागली नाही, नशीब. पण सकाळी चामडं आक्रसून पापडासारखं कडक झालेलं. बुटांचंही तसंच. जास्त धग लागली की सोल चिकटवलेला डिंक सैल पडतो, चामडं तडकतं, आणि स्कीच्या बुटाच्या आतला फोम आकार सोडतो. म्हणून ही यंत्रं हवा फक्त कोमट करतात, साधारण आपल्या अंघोळीच्या पाण्याइतकी. घरगुती छोटी यंत्रंही मिळतात. काहींत पंखा आणि दोन नळ्या असतात, तर काहींत पंखाच नाही, नुसते बुटात सरकवायचे दोन गरम तुकडे. ती रात्रभर चालतात आणि वीज एखाद्या छोट्या बल्बइतकी खातात.

स्कीचे बूट सकाळी कोमट असण्याचा अजून एक फायदा. त्यांचं बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं, थंडीत ते दगड होतं. गार बुटात पाय घालताना माणसं ज्या शिव्या देतात त्या सर्व भाषांत सारख्याच वाटतात!

आणि हे सगळे लाड नाहीत, हे ओरेला कुणी शिकवायला नको. गावापासून जवळच दुवेद नावाचं खेडं आहे. तिथे एक स्मारक आहे, १७१९ च्या जानेवारीचं. त्या वर्षी आपल्याकडे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या सनदा घेऊन आले, आणि इकडे आर्मफेल्ट नावाच्या सेनापतीची स्वीडिश फौज नॉर्वेची मोहीम अर्धवट टाकून डोंगरातून परत येत होती. वाटेत हिमवादळाने गाठलं. ऊब मिळावी म्हणून सैनिकांनी बंदुकांचे लाकडी दस्ते जाळल्याचं सांगतात. सुमारे ३००० माणसं त्या डोंगरावर गारठून मेली. लढाईत नव्हे, घरी येताना. स्मारकापाशी मावशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "पायात काय घातलं असेल रे यांनी?" मला पटकन उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री ती स्वतः तळघरात उतरली. नाकाला पदर लावून. मी सोबत होतो. तिने पाइपासमोर हात धरला, वारा चाचपला, मोजे उभे खोचलेले पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली शेगडीवरची टोपली!" ज्यांच्या घरी बाळंतपणं झालीत त्यांना ती ठाऊक असेल. पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, म्हणून निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालायची आणि तिच्यावर दुपटी पसरायची. धग मंद, हवा खालून वर, कापड निखाऱ्यापासून लांब. मावशीने दोन पोरींची दुपटी अशी वाळवलेली. तंत्र पटल्यावर बाकीचं सगळं ओघाने आलं. तिने आमच्या पाच जणांच्या बुटांतले आतले सोल काढून वेगळे लावले (हे तिला कुणी सांगितलं नव्हतं), बुटांच्या नाड्या सैल केल्या आणि एका जर्मन आजोबांचे खाली पडलेले मोजेही उचलून नळीवर चढवले. आजोबांनी वाकून 'थँक यू' म्हटलं. मावशीने साताऱ्याच्या थाटात 'असू दे' म्हटलं. पुढच्या तीन संध्याकाळी ती त्या खोलीची अनधिकृत मॅनेजर होती. कुणाचा बूट पुरेसा आत गेला नाही, कुणी दोन पाइप अडवलेत, सगळ्यावर लक्ष. भाचीच्या मोज्यांना मात्र सगळ्यात वरची, कोपऱ्यातली नळी. बुटांपासून लांब.

असं यंत्र मुंबईत चालेल का, हे परत आल्यावर मला ऑफिसात निदान सहा जणांनी विचारलं. जुलैत कुर्ला स्टेशनाबाहेरचं पाणी तुडवून आलेल्या माणसाचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. चालेल, पण एक लक्षात घ्या. आपली पावसाळी हवा आधीच बाष्पाने गच्च असते, त्यामुळे नुसत्या पंख्याचं यंत्र तीच ओली हवा बुटात फिरवत बसेल. हवा तापवणारं हवं. २८ डिग्रीची दमट हवा चाळीसपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते आणि मग बूट खरंच वाळतो. स्वीडनहून आणायचं तर व्होल्टेजचा प्रश्न नाही, तिथेही २३० व्होल्टच. प्लगची पिन तेवढी वेगळी. आणि यंत्र नसेल तर आपली रद्दी आहेच. फक्त बोळे कोंबून रात्रभर विसरू नका. कागद तास-दोन तासांत ओला होतो, तो बदलला तरच उपयोग. फ्रीजच्या मागची जागा अजूनही उत्तम, शेगडीच्या टोपलीचाच तो फ्लॅटमधला वारस.

ओरेला जायचं मनात असेल तर डिसेंबरात जाऊ नका, दिवस हातभर असतो. फेब्रुवारीत स्वीडिश शाळांना आठवडाभराची सुट्टी असते, तेव्हा गर्दी आणि भाव दोन्ही चढे. मार्चचा उत्तरार्ध बेस्ट. ऊन छान असतं, दिवस मोठा. पण बर्फ दुपारी पाणचट होतो आणि नॉर्वेच्या बाजूने अटलांटिकची हवा आली की एका दिवसात सगळं ओलं, दुसऱ्या दिवशी परत कडक. मोज्यांचे दोन जोड न्या, आत घालायला एक पातळ लोकरीचा. लोकर बरंच पाणी पिऊनही ऊब सोडत नाही, कॉटन सोडतं. रूम बुक करताना सौना आहे का, वायफाय आहे का, हे सगळे विचारतात. तुम्ही आधी 'तोर्करुम' आहे का, ते विचारा. आणि संध्याकाळी साडेचारच्या आत तिथे पोहोचा. नंतर वरच्या नळ्या मिळत नाहीत.