हेलसिंकीतली पायपेटी

यावलच्या माणसाला हेलसिंकीत केळी मिळतात, पण ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून जहाजाने आलेली. वांगीही मिळतात, पण बामणोदच्या भरताच्या वांग्यांची सर त्यांना नाही. डिसेंबरात सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनच्या आसपास मावळतोसुद्धा. अशा एखाद्या संध्याकाळी बर्फातून चालत तो लोकसंगीताच्या कार्यक्रमाला जाऊन बसतो, आणि तिथे चार फिडलवाल्यांच्या शेजारी एक वादक पायपेटीवर बसलेला दिसतो. पायांनी भाता चालू, दोन्ही हात पट्ट्यांवर. गावाकडच्या भजनात मांडी घालून जी पेटी वाजवतात, तिचीच ही थोरली बहीण.

पेटी मुळात युरोपातली. आपल्याकडे ती आली तेव्हा पायपेटीच होती आणि मराठी संगीत नाटकांनी ती तशीच वापरली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये हातभात्याची पेटी घडवली, म्हणून ती खाली बैठकीवर आली आणि देवळात, कीर्तनात शिरली. फिनलंडमध्ये मात्र पायपेटी पायपेटीच राहिली. शाळांत आणि प्रार्थनेच्या खोल्यांत वाजणारं हे वाद्य कौस्तिनेन नावाच्या गावाने फिडलच्या साथीला घेतलं. तिथल्या जेपीपी या पथकाने 1982 पासून फिडलचा जथा, एक डबल बेस आणि एक पायपेटी असा मेळ जगभर नेला. जेपीपी ही आद्याक्षरं ज्या नावाची आहेत त्याचा अर्थ ‘यार्वेलाचे छोटे वादक’ असा होतो. यार्वेला ही कौस्तिनेनमधली एक वस्ती.

गावातल्या वादकाला फिनिश लोक ‘पेलिमान्नी’ म्हणतात. हा वादक कानावर शिकलेला असायचा आणि त्याचं पोट भरायचं शेतीवर, नाहीतर सुतारकामावर. लग्नाला बोलावणं आलं की तो फिडल घेऊन निघायचा. कौस्तिनेनच्या लग्नांत वादक वरातीच्या पुढे चालत आणि सोहळा दोन-तीन दिवस रंगे. खान्देशातल्या लग्नसराईत बँडवाल्याशिवाय नवरदेवाचं पाऊल पुढे पडत नाही, हे ज्याने पाहिलंय त्याला यात नवल वाटणार नाही. फरक पुढच्या गोष्टीत आहे. कौस्तिनेनमध्ये 1968 साली लोकसंगीताचा पहिला महोत्सव भरला आणि चार-साडेचार हजार वस्तीच्या त्या गावात तो दर जुलैमध्ये भरत आला. कोन्स्ता युल्हा नावाचा तिथला फिडलवादक देशभर घराघरांत पोचला. पुढे 2021 मध्ये युनेस्कोने कौस्तिनेनची फिडल परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

मंचावरची झळाळी मात्र वर्षातल्या थोड्याच दिवसांची. लोकसंगीताच्या पथकाचा खरा दिवस सुरू होतो तो सूर लावण्याने, आणि फिनलंडच्या हिवाळ्यात सूर लावणं हे दमवणारं काम आहे. बाहेर उणे पंधरा आणि आत हीटरने कोरडी केलेली हवा. पेटीतून बाहेर काढलं की वाद्याचं लाकूड आकसतं, तारा उतरतात. वादक लवकर पोचतात, वाद्यं उघडून नुसती ठेवतात, त्यांना खोलीची सवय होऊ देतात आणि मगच खुंट्यांना हात लावतात. खोलीतली हवा फार कोरडी राहिली तर पातळ लाकडाला चीर जाऊ शकते, म्हणून कित्येक जण वाद्याच्या पेटीत दमटपणा टिकवणारी पुडी ठेवतात. यावलच्या मे महिन्यात डफाचं कातडं उन्हाने ताठरतं आणि पावसाळ्यात ढिलं पडतं, तेव्हा शेकोटीवर धरून त्याचा आवाज परत आणतात. वाद्याला ऋतू कळतो, मग ते वाद्य कुठल्याही देशातलं असो.

फिनिश लोकवाद्यांतलं सगळ्यात साधं वाद्य म्हणजे कान्तेले. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात नायक वैनामोइनेन पाइक नावाच्या मोठ्या माशाच्या जबड्याच्या हाडापासून पहिलं कान्तेले घडवतो. ते समुद्रात हरवल्यावर तो बर्च झाडाच्या लाकडाचं दुसरं करतो आणि त्याला एका मुलीचे केस तारा म्हणून लावतो. प्रत्यक्षातलं जुनं कान्तेले एकाच लाकडी ओंडक्यातून कोरलेलं, मांडीवर मावणारं, पाच तारांचं. त्याला पडदे नाहीत आणि दांडीही नाही. एक तार म्हणजे एक सूर. पाचही तारा सुरात लावल्या की जे ऐकू येतं ते सा, रे, ग, म, प. धैवत आणि निषाद त्यात नाहीतच. मधली तार किंचित उतरवली की गंधार कोमल होतो आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांचे चेहरे एकदम बदलतात. एका खुंटीच्या एवढ्याशा वळणाने सगळी धून वेगळ्या मनःस्थितीत जाते. ज्याने हार्मोनियमवर कधी सरगम गिरवली आहे त्याला हे पाच सूर ऐकून गहिवरल्यासारखं होतं, आणि ते खरंच आहे. मैफलीचं मोठं कान्तेले पस्तीसहून जास्त तारांचं असतं आणि त्यावर वाटेल ते वाजतं. पण पाच तारांवर अख्खी संध्याकाळ उभी करणारा वादक पाहिला की मर्यादेचा अर्थ कळतो.

दुसरं वाद्य योहिक्को. घोड्याच्या केसांच्या तारा आणि घोड्याच्याच केसांचा गज. वादक ते गुडघ्यावर उभं धरतो आणि डावा हात लाकडातल्या भोकातून आत घालून बोटांच्या पाठी तारेला लावतो. तार कधीच दाबली जात नाही, नुसती स्पर्शाने अडवली जाते. आपल्याकडे सारंगीवाला नखांच्या मुळाशी तार धरतो, तसंच काहीसं. शेजारची तार एकतारीसारखी सतत गुंजत राहते. गजाला स्क्रू नसतो. वादक वाजवता वाजवता बोटांनी केस ताणतो. त्याचा आवाज खरखरीत, घोगरा, थंडी वाजलेल्या माणसासारखा, आणि काळजाला भिडणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वाद्य नाहीसं होण्याच्या बेतात होतं. ए. ओ. वैसानेन या अभ्यासकाने कारेलियात फिरून शेवटच्या वादकांच्या धुना लिहून घेतल्या आणि 1928 मध्ये त्यांचा संग्रह छापला. आजचे योहिक्कोवाले त्याच पानांवरून शिकतात.

हे सगळं शिकवण्याची जागा म्हणजे हेलसिंकीतली सिबेलिउस अकादमी. इथे 1983 पासून लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे आणि हैक्की लैतिनेन यांनी त्याला आकार दिला. त्याआधीपासून मार्त्ती पोकेला तिथे कान्तेले शिकवत होते. या विभागात लोकसंगीतात डॉक्टरेट घेता येते, तीही वाजवून. याच काळात पाच तारांचं कान्तेले शाळांच्या वर्गांत गेलं. कालेवालाचा दिवस 28 फेब्रुवारीला असतो आणि त्या दिवशी कित्येक शाळांत मुलं ते वाजवतात. त्याच 1983 साली पूर्वेकडच्या राक्क्युला गावात सारी आणि मारी कासिनेन या बहिणींनी मुलांना जमवून व्हार्त्तिना नावाचं पथक उभं केलं. पुढे त्या पथकाने ए. आर. रहमान यांच्याबरोबर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या रंगभूमीवरच्या संगीतनाट्याचं संगीत केलं. ते 2006 मध्ये टोरांटोला आणि 2007 मध्ये लंडनला रंगमंचावर आलं.

पैशाचं काय, हा प्रश्न यावलच्या माणसाच्या तोंडी पहिल्यांदा येतो आणि तो रास्तच आहे. लोकसंगीताच्या पथकातले बहुतेक वादक आठवड्यातले काही दिवस संगीतशाळांत शिकवतात. उन्हाळ्यात महोत्सव, लग्नं आणि युहान्नुस म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या मैफली असतात. हिवाळ्यात कार्यक्रम कमी आणि अर्ज जास्त. सरकारी आणि खासगी प्रतिष्ठानांकडे शिष्यवृत्तीचे, अनुदानाचे अर्ज भरणं हा वादकाच्या कामाचाच भाग झालेला आहे. पगारी पथकं मोजकीच. कौस्तिनेनचं ताल्लारी त्यातलं एक. ते 1986 मध्ये सरकारी मदतीने उभं राहिलं आणि देशभरच्या जुन्या धुना वाजत्या ठेवणं हेच त्याचं काम ठरलं. बाकीचे वादक रेल्वेने फिरतात. कोक्कोलापर्यंत गाडी आणि पुढे कौस्तिनेनला सुमारे 45 किलोमीटर रस्ता, आणि सोबत डबल बेस. ते वाद्य डब्यात कुठे उभं करायचं याची चिंता प्रवासभर.

एवढं असूनही मुलांना शिकवणं हे त्यांना मन लावून करायचं काम वाटतं, उरलेल्या वेळेचं नाही. कौस्तिनेनमध्ये मौनो यार्वेला यांनी ‘न्याप्पारी’ नावाची शिकवण्याची रीत रुजवली. पाच वर्षांचं मूल आणि साठीचा माणूस एकाच खोलीत, एकच धून, ज्याला जेवढी जमेल तेवढी. ज्याला एकच सूर येतो त्याने तोच धरायचा. बेताल झालं म्हणून कुणाला बाहेर बसवत नाहीत. भजनी मंडळात टाळ हाती दिलेलं पोर असंच शिकतं. आधी चुकीच्या ठिकाणी वाजवतं, मग शेजारच्याच्या हाताकडे बघून वाजवतं आणि एका एकादशीला अचानक नीट वाजवू लागतं.

हेलसिंकीच्या संगीतगृहाजवळ हाकासल्मी उद्यानात लारिन पारास्के या लोकगीतं गाणाऱ्या बाईचा पुतळा आहे. आल्पो साइलो यांनी घडवलेला हा पुतळा 1949 पासून इथे आहे. पारास्के इंग्रियातली, गरीब, अक्षरओळख नसलेली. आडोल्फ नेओव्हिउस यांनी तिच्याकडून 1,200च्या आसपास गाणी आणि दीड हजारांवर म्हणी उतरवून घेतल्या. संगीतकार सिबेलिउस तरुणपणी तिचं गाणं ऐकायला गेला होता. तिला जाऊन चार दशकं उलटली तेव्हा तिकडे तापीपलीकडे आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) अजून गात होत्या. त्यांनाही लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकाने ऐकता ऐकता टिपून ठेवलं, म्हणून ते उरलं, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये छापलं गेलं. जात्यावर दळण पडताना बाई जे गाते, त्याचं तोलमाप तिच्या हाताला ठाऊक असतं.

हे तोलमापच दोन्हीकडे एक निघतं. कालेवालाच्या गाण्याची ओळ आठ अक्षरांची. बहिणाबाईंच्या गाण्यातला चरणही बहुधा आठ अक्षरांचाच. फिन लोक ती ओळ गातात तेव्हा पहिली सहा अक्षरं एकेका मात्रेची आणि शेवटची दोन लांबवून दोन-दोन मात्रांची करतात. एकूण दहा मात्रा, झपतालाइतक्या. फक्त खंड निराळे पडतात. पहिल्यांदा ऐकताना यावलच्या माणसाचं बोट आपोआप मांडीवर पडू लागतं आणि समेवर चुकतं. दोन-तीन ओळींनंतर शेवटची दोन अक्षरं ओढायची आहेत हे कळलं की मग चुकत नाही.

यावल तालुक्यातही गाणारे-वाजवणारे आहेत. रात्ररात्र चालणारं वहीगायन, श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी बायकांच्या तोंडी असलेली गाणी, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात सातपुड्याच्या पाड्यांतून उतरणारे मोठाले ढोल आणि बासऱ्या. ऐकणाऱ्यांचीही वाण नाही. उणीव आहे ती सोमवारच्या शाळेत या गाण्याला मिळणाऱ्या एका तासाची. डफ वाजवणारा माणूस शेतमजुरी करून येतो आणि त्याच्या हातातली विद्या वर्गात कधी पोचत नाही. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं, याचा प्रत्येक खान्देशी माणसाला अभिमान आहे. त्याच विद्यापीठात वहीगायकाला शिकवायला बोलावून मानधन मिळावं आणि कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाईसमोर विद्यार्थ्यांनी वही-पेन घेऊन बसावं, असं मनापासून वाटतं.

हेलसिंकीत बर्फ वितळलं की विलोच्या झाडात रस चढतो. तेव्हा साल ओली होऊन लाकडावरून सुटते. ती अखंड नळीसारखी ओढून काढली की बासरी तयार. तिला बोटांची भोकं नसतात. पुढचं तोंड बोटाने झाकायचं, उघडायचं आणि फुंकर कमी-जास्त करायची, एवढ्यावरच सूर बदलतात. साल वाळली की ती फुटते, म्हणून पोरं ती पाण्यात बुडवून ठेवतात. त्याच दिवसांत यावलला आंबे आलेले असतात. खाऊन टाकलेली कोय उगवली की पोरं ती दगडावर घासून तिची पिपाणी करतात. तीही चार दिवसांत वाळते आणि मग दुसरी कोय शोधावी लागते.