सात टेराबाइटचा मोह

एक टेराबाइटच्या आठ डिस्क होत्या. रेड ५ लावलं तर वापरायला सात टेराबाइट, रेड १० लावलं तर चारच. एका पतसंस्थेचा सर्व्हर उभारताना मी हा हिशेब संचालकांपुढे मांडला आणि तीन टेराबाइट वाचवल्याबद्दल शाबासकीही घेतली. त्यांचा डेटाबेस दोनशे जीबीच्या आतला होता, म्हणजे चार टेराबाइटसुद्धा चैनच. हे कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

रेड ५ मध्ये खात्यातली एक छोटी नोंद बदलायची तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. रेड १० मध्ये दोन प्रतींवर लिहिलं की झालं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला अशी ८० विखुरलेली कामं करते असं धरलं, तर आठांची ६४०. त्यातून रेड १० वर ३२० नोंदी लिहून होतात, रेड ५ वर १६०. हे गणित मला पाठ होतं, तरी चाचणी म्हणून मी एक भलीमोठी फाइल कॉपी केली. सलग लिखाणात रेड ५ झकास पळतं. पतसंस्थेत सलग असं काही नसतंच. चार शाखांतून किरकोळ भरणे आणि उचल चालू असते.

कंट्रोलरच्या कॅशने ही उणीव बरेच दिवस झाकली. मार्चअखेरीस कॅशची बॅटरी संपली. डेटा जपायचा म्हणून कंट्रोलर गुपचूप थेट डिस्कवर लिहू लागला आणि प्रत्येक कमिट रखडू लागला. मी क्वेरींना दोष देत इंडेक्स वाढवले. इंडेक्स वाढले की लिखाणही वाढतं, त्यामुळे व्याजआकारणी आणखी रेंगाळली. कंट्रोलरचा लॉग उघडायचं मला सुचलं नाही, याची लाज अजून वाटते.

मग एक डिस्क गेली. तिच्या जागी घातलेली नवी भरायला उरलेल्या सातही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे सात टेराबाइट. अशा स्वस्त डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण साडेबारा टेराबाइट वाचताना एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. त्यात आमच्या डिस्क एकाच खोक्यातल्या, एकाच वयाच्या. भरणी चालू असतानाच दुसरीने मान टाकली. आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर होता म्हणून निभावलं. पण त्या दिवसाची व्हाउचरं कर्मचाऱ्यांना उशिरापर्यंत बसून पुन्हा चढवावी लागली.

नंतर त्याच सर्व्हरवर रेड १० लावलं. जागा आजही भरलेली नाही.

आता एसएसडी आल्या, ओझं हलकं झालं. पण चार कामांची दोन झालेली नाहीत. तुमच्या ताब्यात असा सर्व्हर असेल तर आजच कंट्रोलरच्या बॅटरीची स्थिती बघा, आणि पुढच्या डिस्क मागवताना वेगवेगळ्या लॉटमधल्या मागा.